साडेतीन मिनिटांची भैरवी आणि माझी पेन्सिल

आजचा एपिसोड छोटाच आहे.

रविवारी लॅपटॉप मिटला, २बी पेन्सिल घेतली, हेडफोन लावले आणि सूरश्री केसरबाई केरकरांचं चित्र काढायला बसलो. समोर त्यांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कानात त्यांचीच भैरवी, लूपवर.

केसरबाई १८९२ सालच्या, गोव्यातल्या केरी गावच्या. कलावंत समाजातल्या. म्हणजे गाणं घरात होतं, पण त्या काळी गाणाऱ्या बाईला समाजात मान नव्हता. १९२१पासून त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, ती थेट १९४६मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत. पंचवीस वर्षं! इथे मी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स अर्धा सोडतो.

मैफलीत त्या एकेक राग निवांत मांडायच्या. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटंच मावायची. सगळं तेवढ्यात बसवायचं. माझं तर तेवढ्या वेळात नाकसुद्धा झालं नाही. तीनदा खोडलं. कपाळ जमलं, साडीचा काठ जमला, पण डोळ्यांतला तो करारी भाव काही केल्या येईना.

आता खरी गोष्ट. १९७७मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी, तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे २७ तुकडे. त्यात भारतातला एकच: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. फक्त अकरा दिवसांनी.

त्या तबकडीवर चित्रंही आहेत, पण केसरबाईंचा फोटो नाही. आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला, चेहरा इथेच राहिला.

माझ्या आजीचं नेमकं उलटं झालंय. ती भाकऱ्या थापताना ओव्या म्हणायची. तिचे फोटो माझ्या फोनमध्ये शेकड्याने आहेत, आवाज एकही नाही. मी दिवसभर लोकांच्या डेटाचा बॅकअप घेणारा माणूस, आणि हे मला सुचलं नाही!

चित्र अजून अर्धवट आहे. डोळे राहिलेत. काढेन.

तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर एक करा. आईला, आजीला, जी कुणी गुणगुणते तिला म्हणा, "एकदा म्हण ना गं." आणि रेकॉर्डिंग चालू करा. साडेतीन मिनिटं पुरतात.

भेटू पुढच्या रविवारी!