खुर्द्याची बेरीज

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला, तेव्हा नानासाहेब पेशवे चुलतभावाच्या कुमकेसाठी फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले होते. ही बातमी त्यांना ना एखाद्या सरदाराच्या पत्रातून कळली, ना सरकारी जासुदाकडून. ती कळली दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडल्यामुळे.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. सावकारांचा एक कासीद पानिपताहून औरंगाबादेस निघाला होता, नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर. वाटेत पेशव्यांची छावणी लागली. डफ ही जागा नर्मदेचा उतार सांगतो. पुढच्या इतिहासकारांनी ती भेलसा, म्हणजे आजचे विदिशा, आणि तारीख २४ जानेवारी धरली. पत्रात दोन मोती गळाल्याचे आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचे लिहिले होते. रुप्या-तांब्याची बेरीज लागत नाही, असेही. मजकूर एवढाच.

परक्या माणसाच्या हाती हे पत्र पडले असते तर कुठल्या तरी पेढीला मोठी खोट आली, यापलीकडे त्याला काही उमगले नसते. तोच हेतू असणार. सावकाराला लढाईशी कर्तव्य नव्हते, पण निकालाशी होते. कोणाची हुंडी पटेल, कोणाची परत येईल, हुंडणावळ कुठे चढेल, हे औरंगाबादेच्या आडत्याला इतरांच्या आधी कळले तर पेढी तगणार होती. बातमी हा माल होता आणि कासीद तो माल वाहणारा हमाल. त्याला पत्रातले काही कळण्याची गरज नव्हती. क्लॉड शॅननने १९४८ साली संदेशवहनाचे गणित मांडताना अर्थाचा प्रश्न बाजूलाच ठेवला. तार टाकणाऱ्याला अर्थाशी देणेघेणे नसते, हे त्याचे म्हणणे आमच्या कासिदाला सहज पटले असते.

मग नानासाहेबांना अर्थ लागला कसा? पत्र त्यांच्यासाठी लिहिलेले नव्हते, सावकारी खुणाही त्यांच्याशी ठरलेल्या नव्हत्या. पण त्याआधीचे दोन-अडीच महिने त्यांची फौज पानिपतावर कोंडलेली होती. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. उत्तरेकडून येणारी पत्रे आटली होती, आणि न येणारे पत्रही माणूस वाचतच असतो. त्या रिकाम्या जागेत जी भीती साचली होती, तिच्यावर ते शब्द नेमके बसले. घरातले दोनच मोती होते: भाऊसाहेब आणि वडील मुलगा विश्वासराव. उलगडा करायला कोणी लागले नाही. डफच्या म्हणण्यानुसार, लवकरच रणातून निभावलेले लोक येऊ लागले आणि त्यांत पहिल्यांपैकी एक होता बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढचे नाना फडणीस. वय अठरा. आई रणधुमाळीत अंतरलेली. त्याने मात्र जे सांगितले असेल ते मोत्या-मोहरांच्या भाषेत नसणार.

या पत्राचे मला सर्वांत जास्त वाटते ते शेवटच्या ओळीबद्दल. मोत्यांचा आकडा आहे, मोहरांचाही आहे; सत्तावीस म्हणजे नावानिशी मोजलेले सरदार. पुढे शिपाई, बारगीर, बुणगे, बाजारकरी, यात्रेला म्हणून बरोबर आलेली बायकापोरे. हे सगळे रुपये आणि खुर्दा. ही उतरंड सावकाराने नव्याने लावलेली नाही, समाजात होती तीच त्याच्या वहीत उतरली. तरीही ज्याचे आयुष्य पैसा-पैसा जुळवण्यात गेले, त्याने बेरीज लागत नाही असे लिहावे, ही त्याच्या धंद्यातली सर्वांत मोठी कबुली आहे. खुर्दा मोजता आला नाही, म्हणून तर अनर्थ केवढा ते कळले.

महाराष्ट्रात ही ओळ आज ज्या रूपात म्हणतात, तीत लाखभर बांगड्या फुटल्याचाही उल्लेख येतो. डफच्या इंग्रजीत बांगड्या नाहीत. सावकाराच्या हिशेबात त्या शोभतही नाहीत. मोती, मोहर, रुपया, तांबे अशी उतरती किंमत चालू असताना मध्येच काच कुठून आली? माझ्या मते ती भर नंतरच्या ऐकणाऱ्यांची. ज्या घरांतला खुर्दा गेला, त्या घरांनी निरोपात आपली ओळ घातली. इतिहासकाराने ती गाळावी हे खरे, पण गाळताना ती कोणाची होती ते लक्षात ठेवावे.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर वारले. निरोप त्यांच्यापुरता पुरता पोचला होता.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या आणि तिथून जिवंत परतल्या. मोती गळाला हे त्यांनी मानले नाही. पुढे स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला. त्याला कैदेत ठेवले, तर १७७६ साली रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले आणि माणसे त्याच्यामागे गेली. पंधरा वर्षांपूर्वीची बातमी त्यांच्याही लेखी पक्की नव्हती. त्याच वर्षी त्याला देहान्ताची शिक्षा झाली. तेव्हा कारभार होता नाना फडणिसांच्या हाती, रणातून स्वतः बातमी घेऊन आलेल्या त्याच मुलाच्या.

पार्वतीबाईंनी कुंकू अखेरपर्यंत पुसले नाही.