गिरगावचे मंदिर आणि परळची शाळा

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी नायगावहून परळच्या बाजूला पायी निघावे. चाळींच्या गॅलऱ्यांतून टांगलेले आकाशकंदील, जिन्यापाशी मांडलेल्या पणत्या आणि घराघरांतून येणारा चकलीचा वास, यांनी ती वाट कशी भरून गेलेली असते! नायगावच्या बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या त्या १९२० नंतरच्या दशकात. त्याआधीही या बाजूला गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्या भोंग्यांवर उठणारी माणसे दाटीवाटीने राहात होती. अशाच एका दिवाळीत, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, परळला मोरारजी वालजी यांच्या बंगल्यात एक लहानशी शाळा उघडली. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी ती शाळा होती आणि ती काढणारे गृहस्थ होते विठ्ठल रामजी शिंदे. त्यांचे वय तेव्हा तेहतीस वर्षांचे होते.

ही हकीकत आपण बहुधा एका थोर संस्थेचा आरंभ म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी शिंदे यांचा व्यवसाय काय होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते धर्मोपदेशक होते. गिरगावच्या प्रार्थनामंदिरात रविवारची उपासना चालविणे, प्रवचन करणे, सभासदांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणे, हे त्यांचे नेमलेले काम. मंदिरातील तरुण प्रचारकाला गिरणगावात शाळा काढावीशी का वाटली, याचे उत्तर शोधू गेले म्हणजे गिरगावच्या मंदिरातच जावे लागते.

मुंबईची प्रार्थनासमाज १८६७ साली स्थापन झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे तिच्या संस्थापकांपैकी. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे पुढे तिची आधारस्तंभ झाली. एकच निराकार ईश्वर, त्याची प्रेमपूर्वक प्रार्थना, आणि त्याच्यापुढे सर्व माणसे सारखी, हा तिचा गाभा. या मंडळींनी नुसती प्रवचने केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंढरपूरचे अनाथ बालकाश्रम त्यांचे, कामकऱ्यांसाठी निघालेल्या रात्रीच्या शाळा त्यांच्या. भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला तेव्हा त्यांना थोडा का त्रास झाला?

पण समाजाने एक वाट मोकळी ठेवली होती. बंगालमधील ब्राह्मसमाजाच्या पुढारलेल्या पक्षाने जातिभेद आणि मूर्तिपूजा घरातूनही काढून टाकण्याचा आग्रह धरला. मुंबईने तो धरला नाही. मंदिरात येऊन निराकाराची प्रार्थना करावी आणि घरी मुंज, लग्न, श्राद्ध जुन्या रीतीने चालू द्यावे, असे अनेक सभासदांचे चालले होते. त्यांनाही अडचणी होत्याच. घरात वडील माणसे, बाहेर जात, मुलींची लग्ने व्हायची! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उठले आणि शेवटी खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. जिथे रानडे नमले तिथे सामान्य सभासदाला दोष कोणी द्यावा?

१९०३ च्या अखेरीस शिंदे हे प्रचारक म्हणून आले ते अशा मंडळीत. जमखिंडीच्या एका मराठा कुटुंबातला हा मुलगा. फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला आणि युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतला. परतताना ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत त्याने हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. मुंबईत पाऊल ठेवताच त्याने कामाचा सपाटा लावला. तरुणांचा संघ काढला, टपालाने धर्मविषयक वाङ्मय पाठविण्याची योजना केली, सभासदांच्या घरी कौटुंबिक उपासना सुरू केल्या.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी नीट पाहावे. मंदिरातील प्रार्थना घरात न्यायची, म्हणजे जिथे गाठ सुटत नव्हती नेमका तिथेच हात घालायचा. मंदिरात ‘सर्व माणसे देवाची लेकरे’ म्हणणे सोपे असते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्यावर ते वाक्य अडते. ऐकणारे बहुतेक उच्चवर्णीय, सुशिक्षित, हुद्देदार. बोलणारा मराठा आणि वयाने लहान. शिवाय तो त्यांचा पगारी सेवक. ज्यांनी आपल्याला नेमले त्यांनाच त्यांच्या घरातली विसंगती दाखवायची, आणि तीही आदर न सोडता. धर्मोपदेशकाची उमेद बाहेरच्या शिव्यांनी फारशी खचत नाही. आपलीच भली माणसे प्रवचन ऐकून, समाधानाने मान डोलावून घरी जातात आणि सोमवारी काहीच बदललेले नसते, तेव्हा मात्र ती खचू लागते. शिंदे यांनी उतारवयात ‘माझ्या आठवणी व अनुभव’ लिहिले. समाजाच्या शिथिलतेबद्दलची खंत त्यांत लपलेली नाही.

हे दुःख काही आपल्याकडचेच नव्हे. अमेरिकेत बोस्टन शहरातील एका युनिटेरियन देवळात राल्फ वॉल्डो इमर्सन १८२९ मध्ये उपदेशक झाला. प्रभुभोजनाचा विधी कायमचा व आवश्यक आहे असे त्याच्या मनाला पटेना. मंडळी विधी सोडायला तयार होईनात. १८३२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने जागा सोडली. मने दुखावली, पण भांडण करून तो गेला नाही. पुढे तो लेखक आणि वक्ता म्हणून जगाला माहीत झाला. मंडळीशी जमत नाही म्हणून बाहेर पडण्याचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग पुष्कळजण पत्करतात, तो म्हणजे दर रविवारी थोडे अधिक गोड बोलण्याचा.

शिंदे यांनी दोन्ही टाळले. १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे महार मंडळींनी भरविलेल्या सभेला ते गेले. त्या लोकांच्या तोंडून त्यांची स्थिती ऐकून आपल्या पुढील कामाविषयी त्यांचा निश्चय झाला. पुढच्याच वर्षी परळची शाळा निघाली. मंडळीचे नाव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. इंग्रजीत डिप्रेस्ड क्लासेस मिशन. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले. धाकटी बहीण जनाबाई कामाला लागल्या. शाळेपाठोपाठ शिवणकाम, पुस्तकबांधणी, मोफत दवाखाना अशी कामे वाढत गेली.

आता यातली खरी मौज पाहा. शाळेच्या उद्घाटनाला अध्यक्ष कोण? न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर, म्हणजे प्रार्थनासमाजाचेच अध्यक्ष! मिशनचेही अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले आणि शिंदे चिटणीस झाले. ज्या मंडळीला आपल्या घराचा उंबरा बदलता येत नव्हता, तिच्यातलीच माणसे परळला येऊन उभी राहिली. घरच्या वडीलधाऱ्यांशी भांडण्याचे धैर्य ज्यांना नव्हते, त्यांना पैसे देण्याचे, वेळ देण्याचे, नाव देण्याचे धैर्य होते. प्रवचनाने जे साधले नाही ते कामाने थोडेफार साधले. ते पुरेसे होते काय? नव्हते. पण शून्यही नव्हते.

म्हणून ही गोष्ट सज्जन आणि दुर्जन यांची नाही. मतभेद तर मिटले नाहीतच. मिशनचा व्याप वाढत गेला, मंदिराच्या अपेक्षा मंदिरापुरत्या राहिल्या, आणि १९१० साली मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून शिंदे यांचा संबंध संपला. सात वर्षांची नोकरी गेली. घरात पत्नी, मुले. परंतु तोपर्यंत त्यांना उभे राहायला दुसरी जमीन मिळाली होती. १९१२ साली पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी वयोवृद्ध भांडारकर बसले होते. १९१७ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागे शिंदे यांची खटपट होती. गिरगावची मंडळी सुटली, तरी गिरगावची माणसे पुरती सुटली नाहीत.

नियतीने मात्र हाच धडा त्यांना उलट बाजूनेही शिकविला. ज्यांच्यासाठी मिशन काढले, त्यांच्यातले सुशिक्षित तरुण विचारू लागले की आमच्या संस्थेची सूत्रे आमच्या हाती का नसावीत? प्रश्न रास्त होता, आणि तो ऐकणे गिरगावच्या मौनापेक्षा जड गेले असेल. १९२३ साली शिंदे मिशनच्या कामातून बाजूला झाले. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या मार्चमध्ये, त्याच परळमध्ये दामोदर हॉलात डॉ. आंबेडकरांनी सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. सूत्रे ज्यांची होती त्यांच्याकडे आली. शिंदे यांनी मात्र विषय सोडला नाही. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. १९४४ च्या जानेवारीत ते वारले.

पहिल्या मंडळीला तो फार पुढे गेलेला वाटला, दुसरीला पुरेसा आपला वाटला नाही. दोन्हींकडून उठावे लागलेल्या माणसाला अपयशी म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. निराशा आल्यावर त्याने एकच केले: ज्यांना ऐकण्याची सवय झाली होती त्यांच्यापुढे आवाज चढविण्याऐवजी, ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्या दाराशी जाऊन बसला.

नायगावच्या गॅलऱ्यांत आज कंदील लागतील. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातील. ती कोणत्या उंबऱ्यापर्यंत जातात आणि कोणत्या उंबऱ्याशी थबकतात, एवढे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे. गिरगावच्या व्यासपीठावरून तो तरुण प्रचारक याहून फारसे अधिक मागत नव्हता.