दावं कोणी सोडायचं?

26 जुलै 2005 चा घटनाक्रम मुंबईकराला पाठ आहे. दरवर्षी त्या तारखेला वर्तमानपत्रं तो पुन्हा छापतात: ढग कधी आले, लोकल कधी थांबल्या, मिठी नदी कधी फुगली, कोण किती तास चालत घरी पोहोचलं. जनावरं त्यात अगदी शेवटी येतात, तीसुद्धा ‘मृत जनावरांची विल्हेवाट’ या सरकारी शब्दांत. इथे तोच दिवस त्या शेवटच्या ओळीकडून पाहायचा आहे. लिहिणारा गिरगावातल्या खोताच्या वाडीतला आहे आणि मटण खाणारा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

मंगळवार, पहाट

मंगळवार आणि शनिवार हे देवनारच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचे वार. वांद्र्याचा जुना कत्तलखाना हलवून 1971 साली महापालिकेने देवनारला 64 एकरांवर नवा उभारला, तेव्हापासून मुंबईच्या मटणाचा रस्ता तिथूनच जातो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश अशा लांबच्या मुलखांतून ट्रक येतात. फाळका पडतो आणि रात्रभर एकमेकांना रेलून उभी असलेली जनावरं अडखळत खाली उतरतात.

या मंगळवारच्या मालाला गिऱ्हाईक पक्कं होतं. गिरगावात मंगळवार पाळणारी घरं पुष्कळ, त्यामुळे बुधवारी सकाळी मटणवाल्याकडे रांग ठरलेली. त्यात आषाढ सरत आलेला, गटारी आठ-दहा दिवसांवर. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं म्हटल्यावर बाजार कसा भरतो हे कोणत्याही मराठी घराला सांगावं लागत नाही.

सकाळी 8:30

हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मुंबईत तेव्हा मोजणीची मुख्य ठिकाणं दोन, कुलाबा आणि सांताक्रूझ. दोन्हीकडची पर्जन्यमापकं रिकामी करून ठेवली गेली.

आणखी एक चोवीस तासांचा हिशोब आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. कत्तलखान्यांसाठी 2001 साली केलेल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पशुवैद्याने तपासलेलं जनावर कापण्याआधी चोवीस तास विश्रांतीला ठेवायचं असतं. एका डॉक्टरने तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णव जनावरांच्या वर तपासायची नाहीत. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. नियम चांगले आहेत. पण बाजाराच्या दिवशी समजा पाच हजार जनावरं उतरली, तर त्रेपन्न डॉक्टर लागतील. हा भागाकार ज्याचा त्याने करावा. मला इथे फक्त ते चोवीस तास हवे आहेत. दोन्ही चोवीस तास त्या दिवशी एकमेकांवर आले.

सकाळी 11

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात जातात, बोटं दाबली जातात, मान हलते आणि सौदा होतो. पाळणाऱ्याने व्यापाऱ्याला विकलेला बोकड व्यापारी आडत्यामार्फत खाटकाला विकतो. दुपारपर्यंत त्याचा मालक दोन-तीनदा बदललेला असतो. विकला गेलाय, पण अजून नेला नाही, अशी जनावरं बाजारात शेकड्यांनी उभी असतात. ती नेमकी कोणाची, हा प्रश्न एरवी कोणाला पडत नाही.

दुपारी 2

उपनगरांत पावसाने जोर धरला. गिरगावात रिमझिम.

दुपारी 2:30 ते 3:30

या एका तासात सांताक्रूझला 190.3 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटरसाठी बांधलेली, आणि तीही ओहोटी असेल तर. ती वाढवायला हवी असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 पासून तयार होता. 2005 पर्यंत त्यातलं फार थोडं जमिनीवर उतरलं होतं.

दुपारी 3:50

भरती, 4.48 मीटर. गटारांच्या तोंडाशी समुद्र येऊन उभा राहिला, आणि जे पाणी बाहेर जायचं ते उलटं आत येऊ लागलं. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर हा खाडीलगतचा भाग तसाही सखल. मोबाईल लागेनासे झाले. लोकल थांबल्या.

संध्याकाळी 5 ते 7

इथे थोडं थांबायला हवं, कारण नेमका काय घात झाला तो या दोन तासांत आहे.

शेळी पोहू शकते. मेंढीच्या लोकरीत पाणी भरतं आणि ती जड होते, तरी मोकळी असेल तर तीही उंचवट्याकडे पळते. पण कुंपणात कोंडलेला कळप पाणी चढलं की एकाच कोपऱ्यात दाटतो, खालचं जनावर वरच्याच्या वजनाखाली जातं. म्हैस तर पाण्यातलंच जनावर. डोहात तासन् तास डुंबणारी, फक्त नाकपुड्या वर ठेवून निवांत राहणारी. तिला पाण्याने मारणं सोपं नाही. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांत त्या दिवशी म्हशी बुडाल्या, त्या पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे. गळ्यातलं दावं किंवा साखळी खुंट्याला होती, आणि दाव्याची लांबी नाकापर्यंत चढलेल्या पाण्यापेक्षा कमी पडली.

त्याच संध्याकाळी काही माणसं स्वतःच्या गाड्यांत गुदमरून गेली. पाणी चढलं, विजेवर चालणारी कुलपं आणि काचा अडकल्या, दार आतून उघडेना. त्या बातमीने शहर हादरलं आणि गाडीत हातोडी ठेवायची सवय पुष्कळांना तेव्हा लागली. बंद दाराचं भय आपल्याला लगेच कळलं.

खेड्यात गोठ्याला आग लागली किंवा नदी चढली की पहिली आरोळी ‘दावी कापा’ हीच असते. भांडीकुंडी नंतर. गाठसुद्धा सुरगाठ मारतात, एक टोक ओढलं की सुटणारी. हे काही भूतदयेचं पुस्तक वाचून आलेलं नाही. जनावर बांधणारा माणूस जनावराजवळ राहतो, एवढंच त्याच्यामागे आहे. देवनारला किंवा तबेल्यात बांधणारा, मालक आणि खाणारा हे तीन वेगळे लोक असतात, आणि पाणी चढतं तेव्हा तिघेही बहुधा दुसरीकडे असतात. जे जवळ होते, ते राखणीचे नोकर, स्वतःच छातीभर पाण्यात होते. त्यांना दोष देणं मला मंजूर नाही. दुसऱ्याच्या मालकीचे शंभर बोकड सोडून द्यायचा हुकूम त्यांना कोणी दिला होता?

रात्र

उपनगरांत वीज नाही. बेस्टच्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर माणसं पहाटेपर्यंत बसून. दक्षिणेकडून निघालेले हजारो लोक रेल्वेच्या रुळांवरून चालताहेत. वाडीत आम्ही अंधेरी-कुर्ल्याला कामाला गेलेल्या माणसांची वाट बघत होतो. देवनारची आठवण वाडीत कोणालाही आली नसणार, मलाही नाही.

बुधवार, सकाळी 8:30

सांताक्रूझ: 944.2 मिलिमीटर. कुलाबा: 73 च्या आसपास. शहराचा याआधीचा विक्रम 5 जुलै 1974 चा होता, 575.6 मिलिमीटर, आणि तो कुलाब्याचा होता. या वेळी दक्षिण टोक कोरडं म्हणावं इतकं सुटलं. मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या सरकारने सुट्टी जाहीर केली.

विश्रांतीचे चोवीस तासही याच सुमारास पुरे व्हायचे होते. शहरात हजारो शेळ्या-मेंढ्या आणि हजाराहून अधिक म्हशी मेल्या होत्या. माणसांचे मृत्यू मुंबईत चारशेच्या वर, राज्यात हजारावर. या दोन आकड्यांची तुलना करायची नाही, मीही करत नाही.

बुधवार, दुपार

वाडीतल्या ओट्यांवर टीव्हीच्या बातम्यांची चर्चा. त्यात कोणीतरी म्हणालंच: ‘बोकडांचं काय, ते नाहीतरी कापायलाच आणले होते.’

हे वाक्य मी तेव्हा निमूट ऐकलं. आज मला ते तपासून पाहावंसं वाटतं, कारण ते दिसतं तितकं निर्दय नाही आणि वाटतं तितकं खरंही नाही. जनावर मरणारच होतं, तर कसं मेलं याने फरक पडत नाही, असं ते म्हणतं. फरक पडत नसेल, तर मग चोवीस तास विश्रांती कशाला? दुसऱ्या जनावराच्या नजरेआड कापायचं कशाला? इस्लामी रीतीत सुरी पाजळलेली हवी, पण ती जनावराला दाखवायची नाही, आधी पाणी पाजायचं, हे कशासाठी? आपल्या जत्रांमध्ये बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि त्याने अंग झाडेपर्यंत थांबतात, त्याने अंग झाडलं की कौल मिळाला मानतात. त्या कौलावर माझा विश्वास नाही. पण ते थांबणं मला महत्त्वाचं वाटतं. खाणाऱ्या सगळ्याच समाजांनी धरणं आणि मारणं यांच्यामध्ये काहीतरी ठेवलंय. मरणार आहे म्हणून त्याचं आत्ताचं जगणं फुकट गेलं, असं कोणीच मानलेलं नाही.

मात्र हे सारे संकेत शेवटच्या काही क्षणांचे आहेत. त्याआधीचे तास, ट्रकमधले, बाजारातले, मालक बदलतानाचे, त्यांना संकेत नाहीत. पूर्वी गरजच नव्हती, मालक शेजारी उभा असायचा. मांस खावं की नाही हा वाद जुना आहे आणि माझ्या हयातीत मिटणार नाही. तो मिटेपर्यंत जे जनावर आपल्या दाव्याला आहे, त्याची जबाबदारी दाव्याबरोबर येते. शाकाहारी घरालाही यातून सुटका नाही, तबेल्यातली म्हैस दुधासाठी होती.

पुढचे दिवस

जेसीबी आणि डंपर. कुजलेल्या जनावरांचा वास, ब्लीचिंग पावडर, रोगराईची भीती. ऑगस्टमध्ये लेप्टोने माणसं गेली आणि या आजाराचं नाव घरोघरी झालं. मिठीसाठी प्राधिकरण निघालं, माधव चितळे समितीने अहवाल दिला, पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. ब्रिमस्टोवॅडला अखेर पैसे मिळाले.

बाजारातल्या जनावरांसाठी काय लागलं असतं, याची यादी त्या मानाने अगदी साधी आहे. कुंपणाच्या आत पाण्याच्या ज्ञात पातळीच्या वर एक पक्का ओटा. बाहेर उघडणारी फाटकं. खुंट्याला सुरगाठ. आणि पाणी गुडघ्याला लागलं की मालकाला न विचारता फाटक उघडायचा अधिकार असलेला, रात्रीही हजर असणारा एक माणूस. पळून गेलेल्या जनावरांचं नुकसान कोणी सोसायचं, हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर तो माणूस फाटकाला हात लावणार नाही.

याचा खर्च मटणाच्या भावात येईल. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दल 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तो 2005 साली तेवढाच होता, अजूनही तेवढाच आहे, त्यामुळे धाकाने ओटा बांधला जाईल ही आशा करण्यात अर्थ नाही. किलोमागे चार-दोन रुपये जास्त मोजून बांधला जाईल. ते रुपये खाटकाकडे किंवा आडत्याकडे मागू नयेत. बुधवारच्या रांगेत आम्ही उभे असतो.