लाकडी पायाचा ठसा आणि अंध गुप्तहेर

जुन्या मराठी गावगाड्यात चोरी झाली की पहिले काम जागल्याचे असे. पावलांचा माग काढीत तो गावच्या शिवेपर्यंत जाई. माग शीव ओलांडून गेला की जबाबदारी पुढच्या गावाच्या जागल्यावर पडे. अशा शोधात एक पाय ओढत चालणारा किंवा काठी टेकीत जाणारा माणूस सर्वांत आधी सापडणार, हे उघड आहे. त्याचे शरीरच त्याच्या विरुद्ध बोलत असे.

गुप्तहेरकथेने हा न्याय जसाच्या तसा उचलला. आर्थर कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ ही कादंबरी १८९० साली आली. तिच्यातील जोनाथन स्मॉल याचा पाय गंगेत पोहताना मगरीने तोडलेला आहे आणि त्याच्या जागी लाकडी खुंट बसवलेला आहे. त्या खुंटाचा गोल ठसा शेरलॉक होम्स वाचतो आणि गुन्हेगार ओळखतो. ज्याचे शरीर धड, तो वाचणारा. ज्याचे अधू, तो वाचला जाणारा, अशी ही सरळ वाटणी होती.

गंमत अशी की या कथा सांगणारा डॉ. वॉटसन स्वतः अफगाण युद्धात मैवंदच्या लढाईत जायबंदी झालेला आहे. पहिल्या कादंबरीत त्याची गोळी खांद्याला लागलेली असते, दुसरीत पाय दुखत असतो. जखम नेमकी कुठे, याचे लेखकालाच विस्मरण झाले. नायकाच्या बाजूच्या माणसाचे अधूपण इतक्या सहज विसरता येत होते. खलनायकाचे मात्र कथेच्या केंद्रस्थानी होते.

ही वाटणी उलटवणाऱ्यांत अर्नेस्ट ब्रामा या इंग्रज लेखकाचे नाव ठळक आहे. त्याचा मॅक्स कॅराडोस १९१३ साली वृत्तपत्रातून वाचकांसमोर आला आणि १९१४ साली त्याच्या कथांचे पुस्तक निघाले. रानातून घोड्यावर जाताना एक फांदी डोळ्यांवर बसली आणि कॅराडोसची दृष्टी गेली. पहिल्या कथेत कार्लाईल नावाचा खाजगी गुप्तहेर एका प्राचीन ग्रीक नाण्याविषयी मत विचारण्यासाठी त्याच्याकडे येतो. कार्लाईलने नाव बदललेले आहे. तरीही कॅराडोस आवाजावरून त्याला ओळखतो, कारण तो शाळेतला जुना मित्र निघतो. नाणे बनावट आहे हे त्याला बोटांनी कळते. पार्किन्सन हा सेवक पाहिलेले तपशील हुबेहूब लक्षात ठेवतो आणि कॅराडोस त्यांचा अर्थ लावतो. पाहणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मांडणारी पात्रजोडी रहस्यकथेत क्वचितच सापडेल.

पण ब्रामाला मोह आवरला नाही. त्याचा नायक वृत्तपत्राचे मथळे छापील शाईवरून बोट फिरवून वाचतो. अशी करामत दाखवली की वाचक थक्क होतो, आणि त्याच क्षणी अंध माणूस माणूस न राहता चमत्कार होतो. ज्याला आधी कमी लेखले, त्याला आता अतिमानवी ठरवले. साध्या, नेहमीच्या माणसाच्या जागी त्याला पाहणे दोन्ही वेळा टळले.

वास्तविक इतिहासात याहून साधा आणि भक्कम दाखला होता. लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयाचे दंडाधिकारी सर जॉन फील्डिंग तरुणपणीच अंध झाले होते. कादंबरीकार हेन्री फील्डिंग हे त्यांचे सावत्र बंधू. हेन्रींनी उभारलेले ‘बो स्ट्रीट रनर्स’ हे तपास पथक १७५४ साली त्यांच्या मृत्यूनंतर जॉन यांनी सांभाळले, वाढवले आणि १७८० पर्यंत ते काम केले. तीन हजार गुन्हेगारांना ते केवळ आवाजावरून ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. आकडा वाढवून सांगितलेला असू शकतो. मात्र हवे असलेले गुन्हेगार आणि चोरीचा माल यांची वर्णने छापून ती गावोगावी पाठवण्याची त्यांची पद्धत हे करामतीचे नव्हे, कारभाराचे काम होते.

पहिल्या महायुद्धाने हजारो तरुण अंध होऊन परतले. त्यांच्यासाठी लंडनमध्ये १९१५ साली ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक, वृत्तपत्रमालक आर्थर पियर्सन, यांची स्वतःचीही दृष्टी गेलेली होती. त्याच युद्धात लढलेल्या बेनार्ड केंड्रिक या अमेरिकन लेखकाने पुढे युद्धात अंध झालेला कॅप्टन डंकन मॅक्लेन हा गुप्तहेर निर्माण केला. पहिली कादंबरी १९३७ सालची. खरा अंध माणूस सरावाने जे करू शकेल तेवढेच मॅक्लेनने करावे, असा केंड्रिकचा कटाक्ष होता. कॅराडोसपेक्षा मॅक्लेन कमी चमकदार वाटतो, पण तो अधिक विश्वासार्ह आहे.

भारतात हा प्रवाह सर्वांत सशक्तपणे बंगालीत आला. सुनील गंगोपाध्याय यांचे काकाबाबू, म्हणजे राजा रायचौधुरी, हे पुरातत्त्व खात्यातले माजी अधिकारी. अपघातात एक पाय निकामी झाल्यामुळे ते कुबड्या घेऊन चालतात आणि पुतण्या संतूला बरोबर घेऊन काश्मीर, अंदमान अशा दुर्गम ठिकाणी रहस्ये उकलतात. त्यांच्या अंदमानच्या कथेवर तपन सिन्हा यांनी १९७९ साली चित्रपटही काढला. काकाबाबूंना पायाच्या मोबदल्यात कोणतीही दिव्य शक्ती मिळालेली नाही. चढ आला की ते दमतात, संतूची मदत घेतात आणि पुढे जातात. कुबडी हा त्या कथांतला गूढ संकेत नाही. ती फक्त कुबडी आहे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी काही पिढ्यांना वाचनाचे वेड लावले. त्या कथांचे बळ धाडसात, वेगात आणि चपळाईत होते. मात्र त्यांच्या आधीच्या पिढीतील नाथमाधव यांची हकीकत येथे आठवावीशी वाटते. १९०५ साली शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडल्याने द्वारकानाथ माधव पितळे यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने नाथमाधव या नावाने ‘वीरधवल’ आणि ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ यांसारख्या रहस्याने भारलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. जो स्वतः पाऊल टाकू शकत नव्हता, त्याने महाराष्ट्राला साहसाच्या वाटेने दौडवले. त्या शरीराचा अनुभव कथेच्या नायकाला मिळाला असता, तर मराठी रहस्यकथेला कदाचित वेगळे वळण लागले असते.

कथेत गुप्तहेराला फक्त सत्य कळावे लागते. न्यायालयात कळणाऱ्यावर विश्वास बसावा लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे.

‘साक्षी’ या शब्दातच ‘अक्षि’ म्हणजे डोळा दडलेला आहे. कायदा मात्र भाषेपेक्षा उदार होता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ६० सांगे की, गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ती पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याजोगी असेल तर ऐकणाऱ्याने, आणि अन्य इंद्रियाने जाणण्याजोगी असेल तर त्या इंद्रियाने जाणणाऱ्याने. कलम ११९ ने न बोलणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली. म्हणजे कॅराडोस जन्मण्याच्या ४१ वर्षे आधीच कायद्याने कान, नाक आणि बोटे यांना डोळ्यांच्या पंक्तीला बसवले होते. साक्ष घेतली जाई. प्रश्न होता तिला किती वजन द्यायचे याचा.

तो प्रश्न केवळ अपंग साक्षीदारांचा नव्हता. कुरखेड्याच्या शेजारचे देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. मार्च १९७२ मध्ये तेथील पोलीस ठाण्यात एका अनाथ, मजूर आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, हा त्या निकालातील एक प्रमुख आधार होता. मुलगी बोलत होती आणि न्यायालय तिच्या शरीरावर ठसे शोधत होते, अगदी लाकडी पायाचा ठसा शोधावा तसे. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उठले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तेच गृहीत धरू लागले.

अंध साक्षीदाराच्या वाट्याला इतका स्पष्ट शब्द येण्यास आणखी काळ गेला. २७ एप्रिल २०२१ रोजी ‘पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने निकाल दिला. पीडिता जन्मांध आणि अनुसूचित जातीची होती. घरी येणेजाणे असलेल्या आरोपीला तिने आवाजावरून ओळखले होते. अपंग व्यक्ती जगाशी वेगळ्या रीतीने व्यवहार करते म्हणून तिची साक्ष दुबळी ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. येथे कोणी नाणे चाचपले नाही, शाई वाचली नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखणे, जे प्रत्येक घरात रोज घडते, तेवढेच तिने केले होते.

२०१३ पासून कायद्यात आणखी एक तरतूद आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली व्यक्ती अपंग असेल तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या कुरखेडा तालुक्यात हा नियम वाचताना ‘दुभाषी’ या शब्दापाशी थांबावे लागते. तेथे मराठीबरोबर गोंडी आहे, छत्तीसगडी आहे. जंगलाच्या कडेच्या पाड्यावर शाळेचे तोंड न पाहिलेली कर्णबधिर मुलगी असेल, तर तिच्या खुणा प्रमाणित सांकेतिक भाषेतल्या नसतात. त्या आईने, बहिणीने, घरच्यांनी चुलीभोवती घडवलेल्या असतात आणि त्या उंबऱ्याबाहेर फारशा कोणाला कळत नाहीत. तिच्या घरी तक्रार नोंदवायला येणाऱ्या अधिकाऱ्याला एक पार्किन्सन लागेल, आणि बहुधा तो त्याच घरात, चुलीपाशी बसलेला असेल.