तलफ, फतवा आणि संमोहन

सिगारेट सोडवून देणाऱ्या संमोहन उपचाराच्या जाहिराती अधूनमधून दिसतात. एका बैठकीत व्यसन बंद, असा त्यांचा दावा असतो. खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, आणि उठल्यावर सिगारेटची आठवणही होणार नाही. या दाव्यामागे एक समजूत आहे. समोरच्या माणसाकडे काहीतरी शक्ती असते आणि ती आपल्या मनात शिरून काम करते, ही ती समजूत. ती खोटी असल्याचे दोनशे वर्षांपूर्वी सांगणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा होता.

पणजीत मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री झोपेत कलंडली आहे. हा आबे फारिया. कांदोळी गावात १७५६ साली जन्मलेला जुझे कुश्तोदियु द फारिया. वडिलांबरोबर तो लिस्बनला गेला, पुढे रोममध्ये शिकला. राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला तेव्हा त्याची बोबडी वळली आणि खाली बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, अशी दंतकथा गोव्यात सांगतात. त्या चार शब्दांनी त्याची भीती पळाली म्हणे. कथा खरी असो वा नसो, फारियाने पुढे आयुष्यभर ज्याचा शोध घेतला ते तिच्यात आहे. कानावर पडलेला शब्द माणसात एवढा बदल कसा घडवतो?

फारिया १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचला. तिथे त्याआधीच मेस्मर नावाच्या डॉक्टरने गाजावाजा करून ठेवला होता. माणसाच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याला वळण देऊन आपण रोग बरे करतो, असे मेस्मर सांगे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए तिच्यात होते. प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की असा कोणताही द्रव नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनेचा आहे. समिती तिथेच थांबली. फारियाने पुढचा प्रश्न विचारला. नुसत्या कल्पनेने शरीरावर परिणाम होत असेल, तर तीच अभ्यासाची गोष्ट नाही का?

१८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला शांत बसवायचे, लक्ष एकाग्र करायला सांगायचे आणि ठाम आवाजात ‘झोपा’ म्हणायचे. काही जण खरोखर त्या अवस्थेत जात, काही जात नसत. यावरून त्याने मांडले की शक्ती झोपवणाऱ्यात नसून झोपणाऱ्यात आहे. जो ऐकायला तयार आहे त्याच्यावरच शब्द चालतो. लोकांनी त्याची थट्टा केली, त्याच्यावर नाटक रचले. १८१९ साली तो गरिबीत वारला, त्याचे पुस्तक त्याच वर्षी आले. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने १८४३ च्या ग्रंथातून या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले आणि हा विषय जादूगारांच्या तंबूतून दवाखान्यात आला.

सिगारेटसाठी संमोहनाचा पद्धतशीर वापर विसाव्या शतकात झाला. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला आणि सिगारेट सोडवण्याचे उपाय शोधले जाऊ लागले. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी १९७० मध्ये एकाच बैठकीची पद्धत प्रसिद्ध केली. सिगारेटची चव कडू लागेल, वास आला की मळमळेल, असल्या सूचना त्यांनी दिल्या नाहीत. त्यांनी माणसाला स्वतःला संमोहित करायला शिकवले आणि तीन गोष्टी मनाशी घोळवायला सांगितल्या. धूर माझ्या शरीराला विष आहे. जगायला मला हे शरीर लागते. म्हणून त्याची राखण करणे माझ्याकडे लागते. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे जुम्म्याच्या बयानात ऐकत आलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

मग यश किती? १९९३ मध्ये याच पद्धतीच्या २२६ जणांचा अहवाल आला. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून थोडे अधिक लोक सिगारेटपासून दूर होते. दोन वर्षांनी २३ टक्के उरले. आणि २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १४ अभ्यास, १९२६ माणसे एकत्र तपासली गेली. समुपदेशनासारख्या इतर मदतीपेक्षा किंवा स्वतःहून सोडण्यापेक्षा संमोहन सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे जाहिरातीतला चमत्कार नाही. पण जे सुटले ते कशाच्या बळावर सुटले, हा प्रश्न उरतो. त्यासाठी तंबाखूच्या इतिहासाकडे वळावे लागते, आणि तो आपल्या दख्खनमधून जातो.

फारियाच्या पुतळ्याशेजारची ती जुनी इमारत मुळात आदिलशहाचा वाडा. त्याच आदिलशाहीच्या विजापुरातून असद बेग नावाचा मोगल दरबारी सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन अकबराकडे गेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमांनी विरोध केला, हे औषध आपल्या ग्रंथांत नाही म्हणाले. पण दरबारातल्या सरदारांना चटक लागली आणि तंबाखू बाजारात विकला जाऊ लागला. जहांगीरने १६१७ मध्ये बंदीचे फर्मान काढले. ते कागदावर राहिले.

उस्मानी सुलतान चौथा मुराद याने फर्मानाला तलवार जोडली. १६३३ मध्ये त्याने कॉफीखाने बंद केले आणि तंबाखूला मृत्युदंड ठेवला. माणसे खरोखर मारली गेली. तरीही, त्या काळचा विद्वान कातिब चेलेबी लिहितो, सैनिक अस्तनीत छोट्या चिलमी लपवत आणि देहदंड चालू असतानाही झुरके घेत. मुराद १६४० मध्ये गेला. त्यानंतर काही वर्षांतच शेखुल इस्लाम बहाई एफेंदी यांनी तंबाखू जायज ठरवला. ते स्वतः अट्टल धूम्रपान करणारे होते.

आता इराण पाहा. १८९० मध्ये नासिरुद्दीन शाहने देशातल्या तंबाखूचा सारा व्यवहार पन्नास वर्षांसाठी टॅलबट या इंग्रजाला देऊन टाकला. शेतकरी, व्यापारी चिडले. डिसेंबर १८९१ मध्ये इराकमधल्या सामर्राहून मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा आला की आता तंबाखू ओढणे म्हणजे इमामाशी युद्ध पुकारणे. देशभर दुकाने बंद झाली, हुक्के विझले. शाहच्या जनानखान्यातही कोणी हुक्का भरेना. शाहला मक्ता रद्द करावा लागला आणि कंपनीला पाच लाख पौंड भरपाई द्यावी लागली.

मुरादच्या तलवारीने जे साधले नाही ते एका कागदाने साधले. शिराझींच्या हाती ना फौज होती ना कोतवाल. लोकांनी ते शब्द आपले मानले, एवढेच. फारिया पॅरिसमध्ये सांगत होता ते हेच होते. पण या गोष्टीचा शेवट सहसा सांगितला जात नाही. जानेवारी १८९२ च्या अखेरीस फतवा मागे घेतला गेला आणि लोक पुन्हा हुक्क्याकडे वळले. निकोटिन सुटल्यावर शरीराला होणारा त्रास पहिले काही दिवस तीव्र असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. शरीराची लढाई त्या लोकांनी जिंकलेली होती. पण ज्या कारणासाठी हुक्का सोडला ते कारण संपले होते, आणि स्वतःचे दुसरे कारण मनात नव्हते.

याची छोटी आवृत्ती आपल्या मोहल्ल्यात दर रमजानमध्ये दिसते. तासाला एक सिगारेट ओढणारा माणूस सहरीपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास काढतो. टपरीसमोरून जातो, मित्रांत बसतो. डोके दुखते, चिडचिड होते, पण हात खिशाकडे जात नाही, कारण नियत केलेली असते. मात्र अजानची वेळ जवळ आली की तलफ उसळते आणि खजूर तोंडात असतानाच लायटर हातात येतो. विमानात काम करणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात नेमके असेच दिसले. तलफ किती तास झाले यापेक्षा उतरायला किती वेळ उरला यावर अधिक अवलंबून होती. छोट्या उड्डाणाच्या शेवटी ती लांब उड्डाणाच्या मध्यावरच्या तलफेपेक्षा जास्त होती.

तेव्हा रोजेदार धूम्रपान करणाऱ्याला ‘तुझ्यात इच्छाशक्ती नाही’ म्हणून हिणवणे चुकीचे आहे. ती त्याच्यात आहे, महिनाभर रोज सिद्ध होते. फक्त तिची मुदत मगरिबला संपते. ही मुदत वाढवायची तर कारण स्वतःचे हवे. मुलाचा दमा, वडिलांचा खोकला, घरखर्चातून जाणारे पैसे, किंवा आपल्या शरीराची अमानत. बिडी, गुटखा, मिश्री यांनाही हेच लागू आहे, आणि महाराष्ट्रात तर ओढण्यापेक्षा चघळण्याचे व्यसन कितीतरी अधिक आहे.

संमोहन तज्ज्ञाकडे जायचे असेल तर जरूर जावे, फक्त जाहिरातीवर विसंबून जाऊ नये. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ पाहावा, आणि सोडायचे ठरवूनच जावे. निकोटिनचे च्युइंगम, पट्टी किंवा डॉक्टरने लिहून दिलेले औषध घेण्यात कमीपणा नाही, त्यांचा उपयोग पुराव्याने सिद्ध झालेला आहे. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तारीख ठरवायला रमजानचा चांद चांगला आहे. फक्त नियत इफ्तारपर्यंतची करू नये.