तृतीयपंथी किशोर-युवकांचे लैंगिकता व नातेसंबंध शिक्षण (सातारा–सांगली)

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आपले वाटत नाही अशा मुलामुलींना शरीर, इच्छा, संमती, आजार आणि जोडीदाराशी वागणूक यांविषयी दिले जाणारे शिक्षण. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत ते वर्गात फारसे पोचले नाही. ते पोचण्याची एक वाट यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांच्या परंपरेची होती, दुसरी एचआयव्हीविरोधी कामाची.

सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारी घरे दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळ. सांगली जिल्ह्यात जतलाही देवीची मोठी यात्रा भरते. मुलगा बायकी वागू लागला किंवा त्याच्या केसांत जट आली, की देवीचा कौल मानून त्याच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची मण्यांची माळ, बांधले जाई. मग साडी, परडी, जोगवा. शरीराविषयी जे कळे ते गुरूकडून आणि सोबतच्या जोगत्यांकडून. गावात मान मिळे, हे नाकारता येत नाही. पण मुलाला स्वतःबद्दल काय वाटते हे विचारण्याआधीच त्याचे आयुष्य ठरून जाई. राजन गवस यांच्या कादंबऱ्या, चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आणि या लेखनावर बेतलेला ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट, यांतून मराठी वाचक-प्रेक्षकाला हे जग ठाऊक आहे. जट म्हणजे गुंतलेले केस, कौल नव्हे, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते सांगत आले. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच.

दुसरी वाट सांगलीच्या गोकुळनगरात सुरू झाली. मीना सेशू यांच्या पुढाकाराने १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने तेथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच निरोध वाटपाचे आणि माहिती देण्याचे काम सोपवले. त्यांतून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. पुढे या व्यवसायातील पुरुष व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना झाली. बरोबरीच्या माणसाने शिकवायचे, ही त्यामागची पद्धत. शिकवणी अगदी हात धरून द्यावी लागते: पाकिटावरची मुदत बघ, दाताने फाडू नकोस, खोबरेल तेल लावू नकोस. तेलाने लॅटेक्स कमजोर होते आणि निरोध फाटतो; वंगण पाण्याचे किंवा सिलिकॉनचेच हवे.

तरी निरोध गिऱ्हाइकापाशी वापरला जातो आणि नेहमीच्या माणसापाशी बाजूला पडतो, हा जगभरचा अनुभव आहे. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नसते. जोडीदाराने घरच्यांच्या सांगण्यावरून लग्न केले तर काय, कमाई त्याच्या हाती द्यावी का, मारहाण झाली तर कोणाकडे जावे, हेच खरे नातेसंबंधांचे शिक्षण. रोगप्रतिबंधाच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत त्याला जागा मिळणे अवघड जाते, कारण निरोध मोजता येतात, नाती नाही.

दोन्ही वाटांवर मुलगी म्हणून नोंदला गेलेला पारलिंगी मुलगा जवळजवळ दिसत नाही. त्याला सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. टेस्टोस्टेरॉन घेताना पाळी थांबली तरी दिवस जाऊ शकतात. ते गर्भनिरोधक नव्हे. उलट बाजूला, छाती यावी म्हणून पारलिंगी मुलीने डॉक्टरांना न विचारता गर्भनिरोधक गोळ्या खाण्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, धूम्रपान असेल तर अधिकच.

शाळांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००५ मध्ये आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो शाळांतून बंद केला. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवले त्याच राज्यात! ‘एनसीईआरटी’ने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांना सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. मराठीत ही उणीव पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांच्या पुस्तकांनी काहीशी भरून काढली.

संमती शिकवताना कायदा सांगावाच लागतो. अठराच्या आतील कोणाही मुलामुलीला लैंगिक अत्याचारांपासून पॉक्सो कायदा (२०१२) संरक्षण देतो; त्या वयाची संमती मात्र मानत नाही. शिवाय गुन्ह्याची माहिती मिळालेल्याने कळवणे बंधनकारक असल्याने सतरा वर्षांचे मूल मोकळेपणी विचारायला कचरते. प्रौढांतील संमतीचे समलैंगिक संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले. पण तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठरवली, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे ‘अनैसर्गिक’ संबंधांविषयीचे कलम ३७७ पूर्णपणे गळाल्याने उरलासुरला आधारही गेला. पाठ्यपुस्तकांत पारलिंगी मुलांचा विचार करणारे लैंगिकता शिक्षण यावे, या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राला आणि काही राज्यांना नोटीस काढली. त्यांत महाराष्ट्र आहे.