कर्ण्याचा कान आणि कर्ण्याचे तोंड



ग्रामोफोन म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम येतो तो त्याचा कर्णा. तबकडी, सुई, किल्ली यांची आठवण मागाहून होते. धोत्र्याच्या फुलासारखा उमललेला तो पितळी कर्णा म्हणजेच ते यंत्र, अशी आपली समजूत असते. आवाज त्यातून बाहेर पडतो, त्या अर्थी आवाज मोठा करण्याची किमयाही त्याच्याच पोटात असली पाहिजे, असे आपण धरून चालतो. आज या कर्ण्याचाच इतिहास मला आपणांपुढे मांडायचा आहे. तो केवळ एका यंत्राचा इतिहास नव्हे. यंत्राच्या रचनेतला एखादा लहानसा फेरफार माणसाच्या पदरात काय टाकतो आणि त्याच्या हातून काय काढून घेतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. आरंभी कर्णा हा यंत्राचे तोंड होता आणि कानही होता. पुढे घरोघरच्या यंत्राचे तोंड तेवढे राहिले आणि कान गेला. तो कसा गेला, हे पाहावयाचे आहे.

मौज अशी की, प्रथम जन्माला आला तो कान. पॅरिस येथे छपाईच्या व्यवसायात असलेल्या लिओं स्कॉट या गृहस्थाने १८५७ साली ‘फोनॉटोग्राफ’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. एका मोठ्या नरसाळ्याच्या टोकाशी पातळ पडदा ताणलेला, पडद्याला एक राठ केस चिकटवलेला आणि त्या केसासमोर काजळी धरलेला कागद गुंडाळलेले नळकांडे. नरसाळ्यात बोलले की पडदा थरथरे आणि केस काजळीवर नागमोडी रेघ ओढी. बोलणे आपले आपण लिहिले जावे, एवढीच स्कॉटची आकांक्षा होती. ते लिखाण पुन्हा ऐकता यावे, हे त्याच्या मनातही नव्हते. ९ एप्रिल १८६० रोजी त्याने घेतलेली एका फ्रेंच लोकगीताची रेघ अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने ऐकती केली, ती २००८ साली! त्या यंत्राने ऐकलेले बोलून दाखवायला एकशे अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

या कानाला तोंड फुटले ते १८७७ साली. त्या वर्षीच्या एप्रिलात शार्ल क्रो या फ्रेंच कवीने ध्वनीची रेघ धातूवर कोरून ती पुन्हा बोलती कशी करता येईल, याची योजना मोहोरबंद पाकिटात घालून पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्वाधीन केली. पण योजना पाकिटातच राहिली. वर्षअखेरीस अमेरिकेत मेन्लो पार्क येथे टॉमस एडिसनने प्रत्यक्ष यंत्र करून दाखविले. कल्पनेचा मान क्रोलाही दिला पाहिजे; कृतीचा मान मात्र निःसंशय एडिसनचा, आणि ज्याने त्याच्या आराखड्यावरून यंत्र घडवले त्या जॉन क्रूसी या कारागिराचा.

ते यंत्र विलक्षण साधे होते. मळसूत्री दांड्यावर बसवलेले पितळेचे नळकांडे; त्यावर फिरत गेलेली खाच; खाचेवर गुंडाळलेला कथिलाचा पातळ पत्रा. हाताने दांडा फिरवायचा आणि मुखपट्टीत बोलायचे. पडद्यामागची बोथट सुई कमी-अधिक दाबली जाई आणि पत्र्यावर चढउतार उमटत. सुई पुन्हा आरंभी आणून दांडा फिरवला की तेच चढउतार सुईला हलवीत, सुई पडद्याला हलवी आणि पडदा बोलू लागे. पत्रा चार-दोन वेळा वाजवला की निकामी होई, हे खरे. परंतु तत्त्व सिद्ध झाले होते.

या यंत्राचे उपयोग कोणते, हे एडिसनने १८७८ साली एका लेखात क्रमवार सांगितले. त्यात पहिला उपयोग पत्रे सांगण्याचा. अंध माणसांसाठी बोलकी पुस्तके, वक्तृत्वाचे शिक्षण, कुटुंबातील माणसांचे आवाज आणि मरणाऱ्याचे अखेरचे शब्द जतन करणे, भाषांचे उच्चार टिकवून ठेवणे, असे ते दहा उपयोग होते. संगीताचा क्रमांक चौथा! तात्पर्य, ज्याने हे यंत्र केले त्याच्या दृष्टीने ते मुख्यतः ऐकून ठेवणारे यंत्र होते.

१८८६ साली चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी कथिलाच्या जागी मेण आणले. सुई आता पृष्ठभाग दाबीत नव्हती, कोरीत होती. दोन वर्षांनी एडिसननेही भरीव मेणाची नळकांडी काढली. मेणावरचे लिखाण तासून टाकता येई आणि पाटी पुसून पुन्हा लिहावे तसे त्याच नळकांड्यावर दुसरे काही कोरता येई. पुढे ही यंत्रे घरात आली, तेव्हा त्यांच्यासोबत वाजवण्याचे शीर असे, तसेच कोरण्याचे शीरही बसवता येई. कर्णा एकच. त्यात तोंड घालून आजोबांनी गोष्ट सांगावी आणि त्याच कर्ण्याने ती नातवंडांना ऐकवावी.

आता हा कर्णा करतो काय? एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, की तो आवाजात स्वतःची काडीइतकीही शक्ती घालीत नाही. वाजवतेवेळी शक्ती येते ती यंत्र फिरवणाऱ्या हातातून किंवा स्प्रिंगमधून. फिरती खाच सुईला ढकलते, सुई तरफेने पडद्याला ढकलते. पण पडदा असतो रुपयाहून थोडा मोठा. हवेत काठी फिरवून पाहा. हात दमेल, वारा येणार नाही. त्याच हाताने सूप हलवा, वारा लागेल. काठीच्या कडेने हवा निसटून जाते, सुपापुढे तिला निसटता येत नाही. एकट्या पडद्याची गत काठीसारखी असते. कर्ण्याचा अरुंद गळा पडद्यासमोरची हवा कोंडून धरतो, तिला निसटू देत नाही आणि हळूहळू रुंद होत तिची हालचाल खोलीतल्या विस्तीर्ण हवेच्या हवाली करतो. म्हणजे कर्णा हा दलाल आहे, धनी नव्हे.

दलालीचे नियमही कडक आहेत. खर्जाचा स्वर घ्यावयाचा तर कर्ण्याचे तोंड मोठे हवे. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या स्वराची लाट हवेत सुमारे साडेतीन मीटर लांब असते. दीड-दोन फुटी कर्ण्याला ती पेलत नाही. म्हणून जुन्या यंत्रांतून तबल्यातला डग्गा ऐकू येत नाही आणि गाणारा पुरुष नाकात गातो असे वाटते.

हेच सारे उलट फिरवले की ध्वनिमुद्रण. रुंद तोंडाने आवाज गोळा करायचा आणि अरुंद गळ्याशी असलेल्या पडद्यावर एकवटायचा. येथे मात्र सुईला हलवणारी शक्ती दुसरी कोणतीही नाही. मेणाची तबकडी खाली उतरणाऱ्या वजनावर एकसारखी फिरत असे. पण तिच्यावरचे प्रत्येक वळण गायकाच्या छातीतल्या बळानेच कोरले जाई. म्हणून गाणाऱ्याने कर्ण्यात डोके घालून गायचे, आणि तार सप्तकात जाताना मागे सरायचे, नाहीतर सुई उधळे. व्हायोलिनचा आवाज कोरला जाईना, तेव्हा ऑगस्टस स्ट्रो याने लाकडी पोटाच्या जागी पडदा आणि छोटा कर्णा लावलेले व्हायोलिनच बनवले. यंत्राला माणसाचे वाद्य झेपेना, म्हणून वाद्याने यंत्राचा वेष घेतला.

आता आपण वळणावर आलो. एमिल बर्लिनर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या संशोधकाने १८८७ साली ‘ग्रामोफोन’चे पेटंट घेतले. एडिसनची सुई खाचेत वरखाली होई, बर्लिनरची डावी-उजवीकडे. नळकांड्याच्या जागी त्याने सपाट तबकडी आणली. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने तो खरवडायचा आणि उघडे पडलेले जस्त आम्लाने खाऊ द्यायचे, ही त्याची रीत. एडिसनच्या यंत्रात सुईचे शीर पुढे नेण्यासाठी मळसूत्र लागे. बर्लिनरच्या तबकडीत खाचेच्या भिंतीच सुईला हलवीत आणि पुढेही ओढून नेत. एक अख्खा भाग गळाला, यंत्र स्वस्त झाले. शिवाय मूळ तबकडीवरून उलटा ठसा घेऊन हजारो नकला छापता येऊ लागल्या. १८९० नंतरच्या काळात नळकांडीवाल्यांचे गायक अनेक यंत्रांसमोर तेच गाणे दिवसभर पुन्हा पुन्हा गात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तबकडीची सरशी का झाली ते कळते.

पण या सोयीची किंमत होती. आम्लाची घागर, ठसे, दाबयंत्रे यांचा संसार घरात मांडता येत नाही. मुद्रण कारखान्यात गेले. घरी आले ते फक्त वाजवणे. यंत्राचा कान कापला गेला तो असा.

या घटनेचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे, पण त्यातला अर्थ सहसा कोणी पाहत नाही. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने कर्ण्यापुढे मान कलती करून धन्याचा आवाज ऐकणारा निपर नावाचा कुत्रा रंगवला, तेव्हा त्याच्यापुढे होता नळकांड्याचा फोनोग्राफ. १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतले ते फोनोग्राफ खोडून तेथे ग्रामोफोन रंगवण्याच्या अटीवर. पूर्वीच्या यंत्रात धन्याचा आवाज खरोखर असू शकत होता. नव्या यंत्रात धनी स्वतः प्रख्यात गवई असल्याखेरीज ते शक्य नव्हते. तरी कुत्रा तसाच बसून राहिला.

यापुढची सुधारणा तोंडाची. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावचा यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन याने १८९६ साली ग्रामोफोनसाठी चांगली स्प्रिंग-मोटर तयार केली. तोवर हाताने दांडा फिरवावा लागे आणि हात अडखळला की गाणे बेसूर होई. स्प्रिंगचाही एक दोष असतो. नुकती गुंडाळलेली स्प्रिंग जोरात ओढते, उलगडत आलेली हळू. त्यावर उपाय म्हणजे गतिनियामक. लवचिक पट्ट्यांवर बसवलेली तीन वजने गरगर फिरतात. वेग वाढला की बाहेर फाकतात आणि एका चकतीला कातड्याच्या गादीवर घासायला लावतात. वेग आवरला जातो. गाणे सुरात राहते ते या घर्षणामुळे. १९०३ च्या सुमारास पोकळ, निमुळता ध्वनिबाहू आला. त्यामुळे कर्ण्याचे ओझे सुईवरून उतरले. तरीही अभ्रकाच्या पडद्याच्या पेटीचा शंभर ग्रॅमहून अधिक भार सुईच्या टोकावर असेच. म्हणून तबकडीच्या मिश्रणात दगडाची पूड घालीत. तिने पोलादी सुई क्षणात घासून खाचेच्या मापाची होई. सुई झिजावी, तबकडी नव्हे, असा तो हिशेब. आणि दर बाजूला नवी सुई लावायची ती याचसाठी. ही पूड धरून ठेवणारी लाख मात्र बव्हंशी आपल्याकडची, छोटा नागपुराकडच्या पळस-कुसुमांच्या रानांतली. कारूझोचा आवाज युरोपात टिकला तो आपल्या लाखेच्या किड्यांच्या आधाराने, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही.

१९०२ च्या अखेरीस फ्रेडरिक गैसबर्ग मुद्रणाचा सरंजाम घेऊन कलकत्त्यास आला आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यापुढे गायली. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे जाऊन छापून येत. रात्र-रात्र चालणारे आपले गाणे तीन मिनिटांत बसवणे भाग पडले. कर्ण्याला तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. बारीक, टोकदार, चढा आवाज त्याला आवडे. घुमारेदार, खर्जातला आवाज तो अर्धाच घेई. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. गैसबर्गचा कर्णा आला त्याच्या दुसऱ्या वर्षी. ज्या आवाजावर महाराष्ट्राने जीव ओवाळला, त्याची तबकडी निघाली नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकाव्या. वयाचा फरक वजा घातला तरी पहिल्या मुद्रिकांत उरतो तो सांगाडा आणि दुसऱ्यांत श्वास ऐकू येतो. मधल्या काळात, १९२५ साली, मायक्रोफोन आला होता.

त्या १९२५ सालीच एक गमतीची गोष्ट घडली. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी टेलिफोनच्या तारांचे गणित ग्रामोफोनच्या सुया-पडद्यांना लावले. सुईचे वजन, पडद्याचा लवचिकपणा, कर्ण्याचे रुंदावणे या सर्वांचा मेळ त्यांनी प्रथमच हिशेबाने घातला. ठरावीक प्रमाणात पटीने रुंदावत जाणारा लांबलचक कर्णा घडी घालून कपाटात बसवला, आणि ‘ऑर्थोफोनिक’ नावाचे यंत्र निघाले. विजेची गरज नसलेले सर्वोत्तम यंत्र विजेच्या गणिताने निर्माण केले, आणि थोड्याच वर्षांत विजेच्या ध्वनिवर्धकानेच ते मोडीत काढले. नळकांड्यांचा धंदा एडिसनच्या कंपनीने १९२९ साली बंद केला. घरच्या माणसांचे ऐकणारा कर्णा त्या वर्षी अधिकृतपणे बहिरा झाला, असे म्हणावे.

आता कोणी म्हणेल, की तबकडीने थोर कलावंतांचे गाणे गरिबाच्या दारी पोचवले, हे थोडे आहे का? मुळीच नाही. ज्या गावात मैफल कधी झाली नाही, तेथे चहाच्या दुकानात खाँसाहेब गायले, हे या तोंडाचे उपकार आहेत. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कारखान्याचा कर्णा जेथे गिऱ्हाईक होते तेथेच ऐकायला गेला. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आमच्या आज्या-पणज्या त्याच्या वाटेत आल्या नाहीत. एडिसनच्या यादीतील पाचवा उपयोग, म्हणजे घरच्या माणसांचे आवाज, पन्नास-साठ वर्षे जवळजवळ पडून राहिला. टेपरेकॉर्डर आला तेव्हा घराला पुन्हा कान मिळाला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले; पण तोवर पिठाच्या गिरण्या येऊन जाती थांबू लागली होती आणि ओव्या आठवून गायच्या राहिल्या होत्या.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्राला तोंड आहे आणि कानही आहे. एडिसनच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटे मावत. येथे दिवसच्या दिवस मावतात. तथापि त्या यंत्राचा उपयोग आपण कोणता करतो? बहुतेक वेळ ते बोलते आणि आपण ऐकतो. एका रचनेने गेलेला कान दुसऱ्या रचनेने परत आणला. तो वापरण्याची इच्छा मात्र कोणत्याही यंत्राला घडवता येत नाही. घरात ऐकण्यासारखे कोणी वृद्ध माणूस असेल, तर त्याच्यापुढे तो कान धरणे एवढे तरी आपल्या हातात आहे. भाऊरावांच्या बाबतीत महाराष्ट्राला ती सबब होती, की कर्णा उशिरा आला. आपल्याला ती उरलेली नाही.